कात्रीची चिठ्ठी

"माझी कात्री कुठं लपवलीस?" सासूबाईंनी भरल्या दुकानात गिऱ्हाइकांदेखत विचारलं, आणि बटण लावणाऱ्या सुनेच्या बोटात सुई रुतली... दोन वर्षं हेच चाललं होतं. टेप हरवो, कुणाचं माप चुको, खापर तिच्याच माथी! नवराही म्हणायचा, "आई चाळीस वर्षं शिवतेय, ती कशी चुकेल?" बिचारी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत होती. कात्री नंतर पिठाच्या डब्यात सापडायची, तेव्हा मात्र कुणी काही बोलायचं नाही.

शेवटी तीच सासूबाईंना गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्तदाब तपासून होताच तिनं हळूच पिठाच्या डब्याची हकिगत सांगितली. डॉक्टरांनी सासूबाईंना बरंच काही विचारलं, दंडातून रक्त घेतलं. आठवड्यानं तिघांना समोर बसवून ते म्हणाले, "यांच्या उत्तरांवरून स्मृतिभ्रंशाची शंका येतेय, आणि रक्ताच्या नव्या तपासणीतही त्याच खुणा दिसतायत. मोठ्या दवाखान्यात खात्री करून घेऊ. पण लवकर लक्षात आलंय, हाताशी वेळ आहे."

मोठ्या दवाखान्यानंही तेच सांगितलं. नवऱ्याची मान खाली गेली. आळ टळला की मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं; पण आता सासूबाईंच्या विचारानं तिचं काळीज तुटत होतं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिला मशीनपाशी बसवलं. "डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून ठेवते, बाळा." त्यांनी कागदावर लिहिलं : कात्री सुनेनं घेतलेली नाही. मीच विसरते. तिला फार छळलं, मला क्षमा करा. खाली सही केली. "पुन्हा आळ घेतला, तर ही माझ्यासमोर धर." दोघी गळ्यात पडून कितीतरी वेळ रडल्या.

तीन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी सासूबाई तिच्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "माझी कात्री तूच चोरलीस ना?"

"चिठ्ठी दाखव," नवरा कळवळून म्हणाला.

तिनं खणातून चिठ्ठी काढली... पण सासूबाईंच्या डोळ्यांत केवढी भीती होती! हे वाचलं, तर आपल्या आजाराचा घाव त्यांना आज नव्यानं बसणार होता. तिनं चिठ्ठी मुठीत मिटली, डब्यातली कात्री पुसून त्यांच्या हातात दिली.

"हो, मीच घेतली होती. चुकलं माझं."

"बरं झालं कबूल केलंस," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "नाहीतर मी उगाच माझ्या गुणी सुनेवर आळ घेतला असता."