भूपाल मगदुमांचा होयबा

गाडी जागेवर उभी होती, इंजिन बंद होतं, चाकांखाली विटा लावलेल्या होत्या आणि तरीही ती गगनबावड्याचा घाट चढत होती. निदान तिचं स्वतःचं मत तसं होतं. डॅशबोर्डवर वेग चाळीस, गिअर दुसरा. आणि धोक्याचा दिवा एकही नाही.

“या महिन्यातली ही अकरावी,” डॉ. अश्लेषा नरंदे म्हणाल्या. कोल्हापूरच्या वाहन-प्रयोगशाळेत बिघडलेल्या संगणकांची तपासणी त्यांच्याकडे होती. “अकराही गाड्यांत तुमचा होयबा आहे, अण्णा.”

“दिवा लागलाय का?” भूपाल मगदुमांनी विचारलं.

“नाही.”

“मग बिघाड कसला, बाई?”

भूपालअण्णा म्हणजे उद्यमनगरातला नावाजलेला हात. गाडीची ताकद वाढवून द्यावी, तर मूळ संगणक कुरकुरणार: हवा जास्त, पेट्रोल जास्त, लाव दिवा. गिऱ्हाईक दिव्याला भारी घाबरतं. म्हणून पासष्टी उलटल्यावर अण्णांनी होयबा घडवला. नखाएवढी चकती. संवेदक आणि संगणक यांच्या मधोमध बसायचं आणि संगणकाला जे ऐकायचं असेल तेच त्याला ऐकवायचं. एकदा ही चकती चुकून पिठाच्या गिरणीला लागली, तर गिरणी आठवडाभर गहू न घालताच तृप्त होती, असं उद्यमनगर सांगे. अण्णांनी ते कधी नाकारलं नाही.

“दिवा केव्हा लागतो?” अश्लेषाबाईंनी खुर्ची ओढली. “संगणकाची अपेक्षा आणि संवेदकाचा अनुभव यांत तफावत पडली की. तुमचा होयबा तफावत पडूच देत नाही.”

“तेच तर कसब!”

“पण आताचे संगणक शिकतात. आज जे ऐकलं, तीच उद्याची अपेक्षा. होयबाही शिकतो. दोघं एकमेकांकडूनच शिकतात, तिसरं कोणी मधे बोलत नाही. वर्षभरात दोघं मिळून एक सुखाचा घाट रचतात आणि चढत बसतात. त्यांचं भांडण नाही, म्हणून दिवा नाही.”

अण्णा हसायला गेले आणि मधेच थांबले. चाळिसावर थांबलेल्या वेगाच्या काट्यावर त्यांनी बोट टेकवलं.

“दोन्ही बाजू शिकणाऱ्या असल्या तरच असं होतं?”

“तरच. एक जरी बाजू खरी असेल, तर ती कधीतरी म्हणतेच ना, की हे काय भलतंच?”

अण्णांनी खिशातून फोन काढला. मागचं झाकण उघडून दाखवलं. आत नखाएवढी चकती होती.

“पोरगी कॅनडात, हॅलिफॅक्सला असते. सन्मती. तिची आई गेली, तीन वर्षं झाली. पोरगी दर रविवारी फोन करायची. जेवलात का, गुडघा कसा आहे? माझा आवाज पडलेला ऐकला की रडायची. मग म्हटलं, तिला ऐकायचंय ते ऐकू दे. माझ्या आवाजात हा बोलतो. दोन वर्षं झाली.” ते जरा ओशाळले. “आधी तीन मिनिटांत संपायचं. हल्ली पावणेदोन तास चालतं. मी शेजारी बसून भाजी निवडतो. बरं वाटायचं, की पोरीकडं बोलायला एवढं आहे.”

“आत काय बोलतात, ऐकलंत कधी?”

“दुसऱ्याचं बोलणं कशाला ऐकायचं?”

अश्लेषाबाईंनी चकतीत साठलेलं गेल्या रविवारचं ध्वनिमुद्रण लावलं. सन्मतीचा आवाज टवटवीत होता. “आईला द्या ना जरा.”

“बस्तीत देवाच्या दर्शनाला गेलीय,” अण्णांचा आवाज म्हणाला. “येईल एवढ्यात. तुझ्यासाठी सांडगे घातलेत तिनं.”

“हो, मागच्या वेळी म्हणाली ती.”

अश्लेषाबाईंनी मुद्रण बंद केलं.

“तिलाही एक होयबा पाठवला होता मी,” अण्णा म्हणाले. “गाडीसाठी. माझ्याच बाकावर तारांना डाग देऊन जोडायला शिकलीय ती. फोनला बसवायला तिला कितीसा वेळ?”

“एकानं काढावा लागेल, अण्णा. मग दिवे लागतील. लागू द्यात.”

चिमट्यानं चकती निघाली. अण्णांनी स्वतः नंबर लावला. इकडं संध्याकाळचे सहा, तिकडं सकाळ.

“अण्णा! जेवलात का?” टवटवीत आवाज.

“नाही.”

तोच टवटवीत आवाज पुढं गेला. “गुडघा बरा आहे ना?”

“नाही. काही बरं नाही. आणि आई गेली गं, सन्मती.”

“आई बस्तीत—” आवाज अडखळला. पुन्हा पहिल्यापासून निघाला. “आई बस्तीत—”

“गेली.”

फोनमध्ये खट्‌कन वाजलं. मग एक वेगळाच आवाज आला. सन्मतीचाच, पण घोगरा, थकलेला, महिनोन्महिने न वापरल्यासारखा.

“हॅलो? इथं लाल दिवा लागलाय. कोण बोलतंय?”

“अण्णा बोलतोय,” ते म्हणाले. आणि दोघांनाही ते चटकन खरं वाटेना.