निरोगींच्या गठ्ठ्यातली बाई

“कोणी नाही गं,” एवढंच म्हणून धाकटीनं लेकीचं बोट धरलं आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरली.

तो आवाज कानावर पडला मात्र… थोरलीच्या हातातली चष्म्याची फ्रेम काचेच्या टेबलावर गळून पडली! अरे देवा, ही तर आपली जाऊ! इतका वेळ नजरेला नजर देऊन समोर उभी होती, एक शब्दही न बोलता. आणि आपण मात्र तिला कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं ‘बसा बाई, चष्मा कुणाला हवाय, तुम्हाला की छोटीला?’ म्हणून मोकळ्या झालो. त्यावर छोटीनं आईला विचारलं, या कोण… आणि त्याचं हे उत्तर! थोरली दारापर्यंत धावली. पण रस्ता माणसांनी भरलेला, पाठमोऱ्या बायका पुष्कळ, लेकींची बोटं धरलेल्याही पुष्कळ. हाक मारायची तर कुठल्या पाठीला?

वाटेतली सगळी दुकानं ओलांडून धाकटी या दुकानात आली होती, ती काही फ्रेमसाठी नव्हे. वर्षानुवर्षांचा अबोला गिळून, लेकीला पुढे घालून ती थोरल्या दिरांच्या उंबऱ्याला आली होती. मनात अट एकच, की पहिला शब्द जावेनं बोलावा. आणि जाऊ पहिला शब्द बोलली, तो ‘बाई’!

थोरलीला माणसांचे चेहरे ओळखू येत नसत. नजर अधू म्हणावी, तर नवराच चष्मेवाला. लग्नानंतर त्यानं हौसेनं तिचे डोळे तपासले आणि ‘घारीचे डोळे आहेत, हे काही आपलं गिऱ्हाईक नव्हे’ असा निकाल दिला. तिला नाक दिसे, डोळे दिसत, हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसे. पण या सगळ्यांची बेरीज करून माणूस काही हाती येत नसे. पाठ फिरली की पाटी कोरी. मग ती माणसं ओळखायची आवाजावरून, चालीवरून, खोकण्यावरून, पिशवी कोणत्या खांद्याला अडकवतात त्यावरून. गिऱ्हाइकांत तर तिची ख्याती मोठी, की चष्मेवाल्यांची बायको फार लाघवी! असणारच. ती सगळ्यांकडे बघून सारखंच हसायची. न जाणो, त्यातला कोण आपला निघेल!

लहानपणी एकदा तिनं आईला विचारलं होतं, की सगळ्यांची तोंडं सारखीच असताना तू माणसं ओळखतेस कशी? आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता आणि बजावलं होतं, हे पुन्हा कुणापाशी बोलायचं नाही, लोक डोक्यात फरक आहे म्हणतील. तो हात तिच्या तोंडावरून पुढे कधी निघालाच नाही… संसार झाला, केस पिकले, तरी निघाला नाही. नवऱ्याच्या खाती ती विसरभोळी होती. दुकानाबाहेरच्या जगाच्या खाती गर्विष्ठ. दोन्ही नावं तिनं मुकाट्यानं स्वतःकडे जमा करून घेतली होती.

आणि दीर, धाकटीचा नवरा? तो तर तिच्या हाताखाली वाढलेला. सासू वारली तेव्हा तो शाळकरी पोर होता, गोल गरगरीत, म्हणून तिनं त्याला ढब्बू म्हटलं. पुढे तो मेंदूच्या आजारांचा मोठा डॉक्टर झाला, त्याच्या पाठोपाठ चार शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन धावू लागले, तरी घरात तो ढब्बूच राहिला. त्याचं शिक्षण चालू होतं तोवर तिनं स्वतःच्या मुलाबाळाचा विषय आज-उद्या करत पुढे ढकलला. आणि ढकलता ढकलता तो विषय एक दिवस आपोआपच संपला. याबद्दल तिनं कधी कुणाला बोल लावला नाही. ‘मला एक मूल आहे की, फक्त जरा मोठं आहे,’ असं ती म्हणायची.

अशा माणसांत भिंत उभी राहिली ती एका दुपारी, रुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात. धाकटीचं पहिलं बाळ जन्मलं आणि घटकाभरात गेलं. थोरली डबा घेऊन धावत पोचली, तर खोलीभर खाटा, सगळ्या बायकांच्या अंगावर एकाच रंगाचे झगे, केस टोप्यांत बांधलेले, तोंडं सुजलेली. कुणाचा आवाज नाही, चाल तर नाहीच नाही. धाकटी खिडकीजवळच्या खाटेवर उघड्या डोळ्यांनी जावेची वाट पाहत पडली होती. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, अगदी नीट पाहिलं… आणि पुढे जाऊन भलत्याच बाईच्या खाटेवर बसली, तिचा हात हातात घेतला, तिच्या कानाशी कुजबुजत राहिली! नर्सनं येऊन चूक दाखवली तेव्हा ती धडपडत खिडकीकडे धावली. पण तोवर धाकटीनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

त्या संध्याकाळी ढब्बू जिन्यात तिच्यासमोर उभा राहिला होता. “वहिनी, काहीतरी कारण असेल. मला तेवढं सांगा.”

कारण ओठांवर होतं. पण जिची कूस नुकतीच रिकामी झाली, तिच्यासमोर आपण आपल्याच दैवाचं रडगाणं घेऊन बसायचं? त्या पोरीला दैवावर रागवता येत नव्हतं, देवावर रागवायचं बळ नव्हतं; रागवायला कुणीतरी जिवंत माणूस हवं होतं. थोरली जवळच उभी होती.

“कारण नाही,” ती म्हणाली. “तू तिच्या बाजूनं उभा राहा. आणि तिचं मन निवळेपर्यंत इकडे फिरकू नकोस.”

ते मन निवळलं नाही. ढब्बू फिरकला नाही. पुढे त्यांना मुलगी झाली, तेही थोरलीला एका गिऱ्हाइकाकडूनच कळलं. आणि आज ती पुतणी दारात येऊन, आपली काकू ‘कोणी नाही’ हे ऐकून गेली होती. दोन्ही वेळा चूक आपलीच, थोरलीनं मनाशी मान्य केलं. तिसरी संधी कोण देतंय?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुकानात एक चुणचुणीत मुलगी आली. ती ढब्बूच्या विभागात संशोधनाला मदतनीस होती. डोक्याला मार बसल्यावर किंवा मेंदूज्वरानंतर ज्यांची चेहरे ओळखण्याची शक्ती जाते, अशा रुग्णांचा तिचे साहेब अभ्यास करत होते. पण आजाऱ्याचं आजारपण मोजायचं तर शेजारी त्याच वयाचं निरोगी माणूस लागतं, नाहीतर तुलना करायची कशाशी? आणि गाडं तिथेच अडलं होतं. आजारी माणसं दाराशी रांगा लावतात. निरोगी माणूस मात्र रुग्णालयाचं नाव काढलं की आजारी पडतो! निदान नजर धड असलेली माणसं तरी चष्म्याच्या दुकानात भेटतील, असा त्या मुलीनं हिशेब मांडला होता.

चष्मेवाल्यांनी एका शब्दात बायको देऊन टाकली. डोळे घारीचे, तब्येत ठणठणीत, आणि डोकं असं की माझं तिच्यापुढे काही चालत नाही, घेऊन जा खुशाल, म्हणाले. साहेब कोण हे त्यांनाही ठाऊक होतं. भावाच्या कामाला हात लावायची त्यांची तेवढीच रीत होती. थोरलीनं फक्त एकच विचारलं, माझं नाव साहेबांना कळेल का? मुलीनं सांगितलं, नाव कुणालाच कळत नाही. साहेबांपुढे नुसता क्रमांक जातो, तो नियमच आहे. थोरलीला ते फार आवडलं. नाव नको, चेहरा नको, नुसता आकडा होऊन का होईना, ढब्बूच्या कामात आपण असू…

पण परीक्षेला बसल्यावर तिच्या पायाखालची जमीन सरकली. पडद्यावर चेहरे येऊ लागले. केस कापलेले, कान कापलेले, गळ्याखालचं सगळं काढून टाकलेलं, नुसते अंड्यासारखे चेहरे! हा मघाशी पाहिला होता का? या दोघांत सारखा कोण? ही ओळखीची बाई का?

आयुष्यभर तिनं अंदाजावर निभावून नेलं होतं. इथेही नेता आलं असतं, मधूनमधून ‘हो’ म्हटलं की झालं. मदतनीस मुलगी तर इतकी प्रेमळ, की तिच्या चेहऱ्यावरून नाही तरी आवाजाकडे कान देऊन थोरलीला निम्मी उत्तरं काढता आली असती. पण आपल्या थापेवर ढब्बू आपल्या अभ्यासाची इमारत उभी करणार… आणि ती कुठल्याशा आजाऱ्याच्या डोक्यावर कोसळणार! तिनं पदरचं सगळं शहाणपण बाजूला ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा खरं उत्तर द्यायला सुरुवात केली. ओळखत नाही. पुढचा. ओळखत नाही. पुढचा. आईचा हात तोंडावरून निघाला होता.

शेवटी एक बाई आली.

“हिलाही नाही ओळखत,” थोरली म्हणाली. “पण बिचारी फार दमलेली दिसते गं.”

मदतनीस मुलीच्या हातातलं पेन थांबलं. तो फोटो थोरलीचाच होता. आत आल्याआल्या काढून घेतलेला.

आठवडा उलटला तशी मुलगी पुन्हा दुकानात आली. थोरलीला एका बाजूला घेऊन तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी तो क्रमांक पाहिला आणि आधी तिच्यावरच चिडले, म्हणाले, रुग्णाचा कागद निरोगींच्या गठ्ठ्यात घातलास. तिनं शपथेवर नाही म्हटल्यावर मात्र गप्प झाले, पुन्हा पुन्हा कागद चाळले. मग म्हणाले, या बाईला मार नाही, आजार नाही, म्हणजे हे जन्मापासूनचं. कुणी सांगितलं नाही, कुणी सांभाळून घेतलं नाही. रोज अनोळखी माणसांच्या गावात जागी होते ही, आणि तरी संसार करते, चारचौघांत वावरते! आपण हिला काय शिकवणार? मला हिच्यापुढे बसून शिकायचंय. फक्त तिची परवानगी विचार.

थोरली ऐकत राहिली. ढब्बू तिचं कौतुक करत होता, पोटभर करत होता… ती कोण हे ठाऊक नसताना! हसावं की रडावं हे न कळून तिनं पदराचं टोक दातात धरलं, आणि नाही म्हणून सांगितलं. दाखला दाखवून परत मिळवायचं ते कसलं नातं? शिवाय कळल्यावर त्या पोराच्या काळजाचं काय होईल?

मुलीनं आग्रह केला नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, की वॉर्डात एक तरुण आई आहे, मेंदूज्वरातून उठलेली. स्वतःचं बाळ ओळखू येत नाही म्हणून ते मांडीवर घ्यायला तयार नाही. तिला वाटतं, जगात असं दुसरं कुणीच नसेल. साहेबांना वाटत होतं, तुम्ही भेटलात तर…

थोरली उठली. “आधी नाही का सांगायचं हे? चल.”

रुग्णालयात भेटीच्या खोलीत थोरली बसली होती. दार उघडलं. पांढरा कोट घातलेला कुणीतरी दोन पावलं टाकून दारातच खिळल्यासारखा उभा राहिला.

“ढब्बू, आत ये,” थोरली म्हणाली. “दारात उभं राहून कुणाचा आजार बरा झालाय?”

तो तिच्यासमोर आला. “मला… कसं ओळखलंत, वहिनी?”

“टाचा घासत चालतोस. शाळेत होतास तेव्हापासून सांगतेय, पाय उचलून टाक.”

मेंदूचा तो मोठा डॉक्टर तिच्या पायांशी जमिनीवर बसला आणि तिच्या गुडघ्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. वॉर्डातली ती दुपार, जिन्यातलं ते ‘कारण नाही’… सगळ्याची संगती त्याला एका क्षणात लागली होती. परक्यांच्या डोक्यांत डोकावण्यात हयात गेली, आणि जिनं भरवलं तिच्या मनात डोकावायचं राहिलं, असं काहीसं तो पुटपुटत होता. थोरली त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दिव्याखाली अंधार असायचाच, म्हणाली. म्हणून काय कुणी दिवा विझवतं? मग घरी सांगू का, असं त्यानं विचारलं. सांग, ती म्हणाली. पण माफी मागायला म्हणून धाकटीला धाडू नकोस. आणि डोळे पूस, वॉर्डातली ती पोरगी वाट बघत असेल.

त्या तरुण आईपाशी थोरली दिवेलागणीपर्यंत बसली. तोंड ओळखायच्या फंदात पडूच नकोस, तिनं सांगितलं. त्याचा रडण्याचा सूर ऐक, मानेचा वास घे, मूठ कशी वळतं ते बघ; आई व्हायला तेवढं पुरतं. निघताना वळून पाहिलं, तर बाळ मांडीवर होतं. दाराबाहेर ढब्बू आणि त्याचे शिकाऊ डॉक्टर उभे होते; कुणाची वही उघडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानामागच्या घराचं दार वाजलं. थोरलीनं उघडलं. एक बाई उभी होती. जुन्या सवयीनं ती बाई क्षणभर पहिल्या शब्दाची वाट बघत थांबली, आणि जुन्याच सवयीनं थोरली हसली.

“ताई,” ती बाई म्हणाली, “मी. तुमची धाकटी.”

थोरलीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. धाकटी काहीतरी जुळवून आणलेलं बोलू पाहत होती, ते जुळेना. दोघींच्या मध्ये पाण्याचा पेला तसाच राहिला.

“त्या दिवशी वॉर्डात मी नुसती हाक मारली असती तर…”

“त्या दिवशी बोलायचं काम तुझं नव्हतं.”

धाकटीनं डोळे पुसले. “तुम्ही त्या बाईच्या कानाशी बोलत होता. मी बघत होते. मला वाटलं, माझ्या वाट्याचं सगळं मुद्दाम तिला देताय. काय सांगत होता, ताई?”

“सांगत नव्हते गं, विचारत होते. ती बिचारी पित्ताशयाची पेशंट. भूल पुरती उतरलेली नव्हती, माझ्याकडे बघतच राहिली.” थोरली हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. तिनं जावेचा हात हातात घेतला. “बाळ दिसायला कसं होतं, ते विचारत होते. ढब्बूला बघायचा धीर झाला नाही. तू एकटीनंच पाहिलंस त्याला. मला सांग.”

विसर, असं धाकटीला सगळ्यांनी सांगितलं होतं. माहेरच्यांनी, डॉक्टरांनी, खुद्द नवऱ्यानंसुद्धा. एवढ्या वर्षांत हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. पोटातून एक आवाज वर आला, तिनं तो तोंडावर हात ठेवून दाबला, मग दाबवेना… थोरलीनं तिला छातीशी धरलं आणि वाहू दिलं.

“कपाळ,” खूप वेळानं ती म्हणाली. “कपाळ रुंद होतं, ताई. यांच्यासारखं. भुवया असून नसल्यासारख्या. आणि वरचा ओठ असा… मधे जरा उचललेला, जणू काही विचारणार होतं.”

थोरलीनं डोळे मिटून घेतले. तिच्या मनात कुणाचा चेहरा कधी टिकला नव्हता. पण कानावर पडलेला शब्द तिनं जन्मात कधी हरवला नव्हता. एकेक शब्द ती जपून आत घेत होती.

“आणि कान?” तिनं विचारलं.