आज हात धुऊ नकोस

ओझरहून नाशिकला येणाऱ्या दुपारच्या एसटीत कुसुमच्या पायावर काहीतरी गार, बुळबुळीत पडलं. कुणाची तरी ओली पिशवी असेल, असं तिला आधी वाटलं. मग ते वळवळलं.

ती ओरडली नाही. ओझरच्या शाळेत पाचवीला शिकवणारी बाई भर गाडीत ओरडली असती, तर सोमवारी वर्गात तिला कुणी जुमानलं नसतं. तिनं मुकाट्यानं दोन्ही पाय बाकावर घेतले आणि खाली पाहिलं. खाकी कपड्यातला एक तरुण गुडघ्यांवर बसून बाकाखाली चाचपडत होता.

"जरा... पाय असेच वर ठेवा हं," तो म्हणाला.

"काय आहे ते?"

"मरळ. बाणगंगेतली. पाण्याबाहेर काढून कितीतरी वेळ झाला, पण बाईसाहेबांना अजून मान्य नाही."

त्यानं मासा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत कोंबला आणि मग कुठे मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पाहिलं आणि पिशवीचं तोंड बांधायचं विसरला.

"साडीला लागलं का हो?"

"लागलंच. आता घरी काय सांगू?"

"सांगा, वाटेत ओळख झाली एकीशी."

कुसुमनं ओठ चावला, पण हसू काही लपलं नाही. घरी असलं काही सांगायची सोय नव्हती. तिचे वडील वेणीमाधव गुरुजी रामकुंडावर यात्रेकरूंचे धर्मविधी करायचे. पंचवटीतल्या त्यांच्या घरात माशाचं नावसुद्धा निघत नसे. त्या दिवशी ती साडी तिनं गुपचूप स्वतःच धुतली आणि धुताना दोनदा हसली. आईनं विचारलं, काय झालं गं? काही नाही, म्हणाली.

तरुणाचं नाव जयराम. विमानाच्या कारखान्यात फिटर होता, आणि जायची गाडी दोघांची एकच. मग काय, रोज कुणीतरी कुणासाठी जागा धरू लागलं. आधी बाकावर पिशवी असायची, मग रुमाल, आणि पुढे पुढे तर जागा धरायचीही गरज उरली नाही. गाडीतल्या लोकांनीच ती सोडून दिली होती. बाहेर द्राक्षांचे मळे मागे पळायचे, आत गप्पा संपायच्या नाहीत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मरळीचं तू करतोस काय, ते बघायचंय मला," एकदा ती म्हणाली.

"बघायचंय की खायचंय?"

"आधी बघू दे."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आमचं घर वडाळ्याच्या रस्त्यावरच्या वसाहतीत आहे, कुसुम. आम्ही बौद्ध. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग ये रविवारी."

घरी 'मैत्रिणीकडे जाते' असं सांगून ती गेली. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात चूल. जयरामची आई सुलाबाई मरळीला राख चोळत बसली होती. राखेशिवाय हा मासा हातात ठरत नाही. सुलाबाईनं पाहुणीला आपादमस्तक न्याहाळलं.

"बामनाची ना तू? वासानं मळमळंल बरं."

"मळमळलं तर सांगेन," कुसुम म्हणाली आणि पदर खोचून शेजारी बसली.

सुलाबाईनं माशाच्या तुकड्यांना मीठ, हळद, तिखट आणि चिंचेचा कोळ लावला. आपणही हात लावावा, म्हणून कुसुमनं पिशवीतून आणलेली द्राक्षं काढली. हिरवी, आंबटगोड. त्यांचे उभे काप केले, कांदा चिरला, मिरची, कोथिंबीर घातली. कोशिंबीर म्हणजे तिच्या हातचा मळ. जाळीच्या कपाटात दही दिसलं, ते तिनं घेतलं आणि वाटीभर ओतून कालवलं.

"अगं बाई, मासळीवर दही?" सुलाबाईनं तिचं मनगटच धरलं. "अंगावर कोड उठंल पोरी!"

कुसुम भांबावली. "पण... दह्याशिवाय कोशिंबीर कशी होणार?"

जयराम दाराच्या चौकटीला टेकून असा हसला, की त्याला खालीच बसावं लागलं. सुलाबाईलाही हसू आवरेना. दह्याचं भांडं शेजारी गेलं. पुन्हा द्राक्षं चिरली. या वेळी दह्याऐवजी लिंबू पिळलं, सुलाबाईनं ठेचलेला लसूण घातला, वरून मीठ. तव्यावर ज्वारीच्या पिठात घोळलेले तुकडे चुरचुरले, आणि त्या कढत तुकड्यांवर गार, आंबटगोड द्राक्षं पडली. जयरामनं एका तुकड्यातले काटे निवडले, घास तिच्या ताटाच्या कडेला ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "नाही जमलं तरी... काही नाही."

कुसुमनं डोळे मिटून घास घेतला. मग डोळे उघडले.

"अजून काटे काढ," ती म्हणाली.

सुलाबाईनं भाकरी थापता थापता ऐकलं. दुसरा तुकडा तिनं मोठा वाढला.

असे रविवार होत गेले. मासा कधी मरळ असे, कधी वाम. द्राक्षं सरली तेव्हा कैरी आली, मग अननस. कोशिंबीर मात्र कुसुमचीच, आणि ती केल्याशिवाय सुलाबाई तवा ठेवायची नाही. प्रेम कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण जयराम काटे काढायचा, कुसुम वाट बघायची, आणि तेवढं पुरेसं होतं.

नाही, पुरेसं नव्हतं. जेवण झालं की कुसुम मोरीवर बसायची. आधी लिंबाची फोड, मग डाळीचं पीठ, मग वासाचा साबण. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. शेवटी दाताखाली लवंग. जयराम तांब्यानं तिच्या हातावर पाणी घालायचा. पहिल्यांदा त्यानं थट्टा केली, "डॉक्टरसुद्धा एवढे धुत नाहीत." मग थट्टा थांबली. ज्या घरात आपण जन्मलो, त्याचा वास ही मुलगी दर रविवारी घासून काढते, आणि पाणी आपणच घालतो... हे त्याच्या मनात येऊ लागलं, आणि ते कुसुमला त्याच्या हातातल्या तांब्यावरून कळू लागलं. धार तुटक व्हायला लागली होती.

एका रविवारी त्यानं तांब्या भरलाच नाही.

"कुसुम, आज हात धुऊ नकोस."

तिनं हातातली लिंबाची फोड खाली ठेवली.

"अशीच घरी जा. कुणी विचारलं तर सांग. कुठे होतीस, कुणाकडे होतीस, आणि... का होतीस. मी किती दिवस तुझी मैत्रीण होऊन राहू?"

आत भांडी लावायचा आवाज थांबला. सुलाबाई ऐकत होती.

कुसुमचे डोळे भरून आले. भीती होतीच, पण त्याहून जास्त आनंद होता. त्यानं अखेर मागितलं होतं. ती उठली. "आजच सांगते. बाबांनाच सांगते," ती म्हणाली. "आणि उद्या तू नेहमीच्या गाडीला ये. माझी जागा धर."

"धरतो," जयराम म्हणाला.

ती खरोखर तशीच निघाली. बसमध्ये तिनं एकदा बोटं नाकाशी नेली. लसूण, मासा, लिंबू. तिला घर आठवलं, आणि ते पंचवटीतलं नव्हतं. उतरल्यावर ती गंगेच्या काठानं चालू लागली. गोदावरीला इथं सगळे गंगाच म्हणतात. वाक्यं मनात जुळवत होती. बाबा, मला तुम्हाला काही सांगायचंय. बाबा, रागावू नका. नाही, रागवा हवं तर, पण ऐका.

"कुसुम, बरं झालं आलीस गं."

वेणीमाधव गुरुजी घाटावरच बसले होते. समोर वऱ्हाडातलं म्हातारं जोडपं. आयुष्यात पहिल्यांदाच गंगेवर आलेलं, हात जोडून, डोळे मिटून बसलेलं. गुरुजींचे गुडघे हल्ली धरत. रिकामा तांब्या पुढे सरकवत ते म्हणाले, "एवढा तांब्या भरून दे. पूजेला पाणी कमी पडलंय. माझ्यानं खाली उतरवत नाही."

कुसुमनं हात पुढे केला आणि मागे घेतला. मग पदराच्या टोकानं तांब्या धरला आणि पायऱ्या उतरली.

हे त्या म्हाताऱ्यांसाठी, तिनं स्वतःला सांगितलं. कुठून कुठून पैसा जमवून आलीत बिचारी, त्यांची पूजा का बिघडवायची? आधी पूजा होऊ दे. मग सांगू. तिनं तांब्या पायरीवर ठेवला आणि पाण्यात हात घातले. नुसतं खळबळून भागलं असतं. पण तिनं काठची वाळू मुठीत घेतली आणि घासायला लागली. तळवे, बोटं, नखं... थांबवताच येईना.

"वाळूनं नको घासू. सोलवटतील हात."

जयराम दोन पायऱ्या वर उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, नीट भांग. धापा टाकत होता.

"तू...?"

"तुला एकटीला सांगायला लावलं, ते बरं नाही वाटलं. म्हटलं, शेजारी उभं राहावं. मागच्या गाडीनं आलो."

तिच्या हातांतून वाळूचं पाणी गळत होतं. तिला म्हणायचं होतं, पूजा होती रे, नाहीतर मी... पण ते खरं नव्हतं, आणि खोटं तिला त्याच्यासमोर बोलता येत नव्हतं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, जयराम," ती म्हणाली. "खरंच आहे."

"माहीत आहे मला." तो खाली उतरला, तांब्या उचलून पाण्यानं भरला आणि तिच्यापुढे धरायला गेला. मग थांबला. तो त्यानं पायरीवर रिकामा केला. "तूच भर," तो हळूच म्हणाला.

"कुसुम, किती वेळ गं?" वरून गुरुजींनी हाक मारली. त्यांची नजर जयरामवर गेली. "कोण आहेत?"

विचारण्यात संशय नव्हता, साधी चौकशी होती. आता बोलली असती तर बोलली असती. जयराम तिच्याकडे बघत होता. आशा अजून गेली नव्हती त्याची, तेच फार वाईट होतं.

"बसला असतात," कुसुम म्हणाली. "ओझरच्या."

जयरामनं गुरुजींना हात जोडले. गुरुजींनीही जोडले. "बसा ना, प्रसाद घेऊन जा," ते म्हणाले.

"नको. आई वाट बघत असेल," जयराम म्हणाला आणि पायऱ्या चढून गेला.

कुसुमनं तांब्या भरला आणि वर नेऊन दिला. गुरुजींनी त्यातलं पाणी म्हातारीच्या ओंजळीत घातलं. म्हातारीनं ते डोळ्यांना लावलं आणि आपला ओला हात कुसुमच्या डोक्यावर ठेवला. "चांगला नवरा मिळो गं लेकी," ती म्हणाली.

कुसुम पूजा संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.