साहेब आले की पडदा काळा

लेक दारात दिसली तेव्हा भावोजींनी चहात साखर तिसऱ्यांदा ढवळली. सकाळचे साडेदहा वाजले होते. या वेळी तिने कामावर असायला हवं होतं.

“बाबा, काकू आहेत का? बारा वाजता मला राजीनामा द्यायचाय.”

चमचा बशीत पडला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून भावोजी आपल्या थोरल्या वहिनींच्या खासगी तपासाच्या कचेरीत मदतीला बसत. मदत म्हणजे फायली लावणं आणि काळजी करणं. दुसरं काम त्यांना जास्त जमे, पण आजवर काळजी परक्यांची होती.

वहिनी आतून आल्या, तशी लेक ताडकन उठून उभी राहिली.

“बस गं. कोर्टात आहोत का आपण?”

“मी लावलेली सवय आहे,” अशा वेळीही भावोजींना सांगितल्यावाचून राहवलं नाही. “मोठं माणूस आलं की उठायचं.”

लेकीने बसून एका दमात सांगून टाकलं. ती इमारतींचे नकाशे काढते. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं असतं आणि काम चालतं ते त्याला जोडलेल्या मोठ्या मॉनिटरवर. गेल्या सोमवारपासून साहेब खोलीत आले की मॉनिटर काळा पडतो. दोन-तीन सेकंदांनी चित्र परत येतं. आतापर्यंत चार वेळा झालं.

“साहेबांना वाटतं, मी बाहेरची कामं करते आणि ते आले की झाकते. बाराला येतो म्हणालेत. तोवर राजीनामा लिहून ठेवायचा, नाहीतर काढून टाकतील.”

“एरवी असं कधी झालं?”

“नाही. दिवसभर बसून काम करते, काही होत नाही. आणि जागेवरून जाताना मी लॅपटॉप बंद करूनच उठते.”

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल,” भावोजी म्हणाले.

“चार वेळा?” वहिनींनी चपला पायात सरकवल्या. “चला, कावळा बघू.”

ऑफिसात पोचायला सव्वाअकरा झाले. भिंतीवरचं घड्याळ भावोजींना आपल्यावरच डोळे वटारून बसलंय असं वाटलं. खोलीत दोन टेबलं, दोन मॉनिटर आणि गेल्या सोमवारीच आलेल्या दोन नव्याकोऱ्या खुर्च्या होत्या, हातांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. बसलं की त्या फुस्स करून खाली जात, उठलं की फुस्स करून वर येत. दुसऱ्या टेबलापाशी लेकीचा सहकारी होता. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत. टेबलाखाली संगणक दुरुस्तीवाला उकिडवा बसला होता.

“सापडलं काही?” वहिनींनी वाकून विचारलं.

“काय सापडणार, बाई? तीन खेपा झाल्या. मॉनिटर तपासला, प्लग बदलला, लॅपटॉप नव्याने चालू केला. तास-तास इथे बसतो खाली, पण पडदा एकदाही मिटत नाही. साप साप म्हणून भुई धोपटतोय नुसती.”

“त्या दुसऱ्या मॉनिटरची काही तक्रार?”

“सोमवारी दुपारी होती. मधेच मिटतो म्हणून. संध्याकाळी यांनीच फोन केला, आता ठीक आहे, येऊ नका.”

वहिनी लंबूकडे वळल्या. “साहेब येतात तेव्हा तुम्ही काय करता?”

“उभा राहतो. आम्ही दोघंही राहतो.” लंबू हसला, पण नुसत्या ओठांनी. “माझ्या मॉनिटरला कधी काही झालं नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

वहिनींनी त्याच्याकडे पेन मागितलं. तो खणात शोधेपर्यंत त्या त्याच्या मॉनिटरमागे डोकावल्या. भावोजीही डोकावले. जाड केबल होती, टोकाशी अंगठ्याएवढी गाठ आणि गाठीच्या मागे लाल दोऱ्याचा वेढा. लेकीच्या मॉनिटरमागची केबल मात्र बुटाच्या नाडीसारखी बारीक होती. त्यातून भावोजींना काहीच उमगलं नाही. लेकीच्या डब्याला, छत्रीला, किल्ल्यांना लाल दोरा असतो, हे माहीत असूनही.

मग वहिनी लेकीच्या खुर्चीत बसल्या आणि झटकन उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. भावोजी मॉनिटरकडे पाठ करून घड्याळ बघत होते.

“कंबर धरली का, वहिनी?”

“सुटली उलट,” वहिनी म्हणाल्या.

बाराला पाच कमी असताना जिन्यात बूट वाजले. खुर्चीत बसून राजीनामा लिहिणाऱ्या लेकीचा चेहरा उतरला. भावोजींना घाम फुटला. पोरीने ही नोकरी तीन मुलाखती देऊन मिळवली होती, आणि ती जाणार तीही खोटेपणाचा शिक्का घेऊन. तो शिक्का कुठल्या साबणाने निघणार होता?

दार उघडलं. लंबू उठला. लेकही उठू लागली, पण वहिनींनी तिच्या खांद्यावर हात दाबून ठेवला.

“बसून राहा.”

“काकू, साहेब आलेत...”

“म्हणूनच.”

साहेब मॉनिटरसमोर थांबले. नकाशा जागच्या जागी होता. “आज झाकायला काही नाही वाटतं?”

“मी हिची काकू. तपासाचं काम करते. एक मिनिट द्या, साहेब, आणि या खुर्चीत बसा.”

वहिनींनी लेकीला हळूच उठवलं. त्यांच्या आवाजात काही तरी असावं, साहेब बसले. खुर्ची फुस्स झाली.

“आता झटकन उठा. नजर पडद्यावर ठेवा.”

साहेब उठले. मॉनिटर काळा पडला. एक, दोन, तीन. नकाशा परत आला. साहेब पुन्हा बसले, पुन्हा उठले. पुन्हा काळा.

“खुर्चीच्या दांड्यात हवा दाबलेली असते,” वहिनी म्हणाल्या. “माणूस झटकन उठला की तिथे विजेची बारीकशी ठिणगी पडते. डोळ्यांना दिसत नाही, पण केबल साधी असेल तर चित्र तुटतं. जुळायला दोन-तीन सेकंद लागतात. दुरुस्तीवाले खाली उकिडवे बसायचे, म्हणून त्यांना कधी दिसलं नाही. ही एरवी लॅपटॉप बंद करून उठते, म्हणून हिलाही नाही. पडदा चालू असताना ही उठायची ती फक्त तुम्ही आल्यावर. तेव्हा हिचं तोंड दाराकडे, आणि तुमचं पडद्याकडे.”

“पण उठतो तर हाही,” साहेबांनी लंबूकडे बोट केलं.

“याची केबल जाड आहे. गाठीची. ठिणगीला दाद देत नाही. पण ती याची नाहीच. गाठीमागे लाल दोरा आहे, तो कुणाचा?”

लेकीने चमकून पाहिलं. “माझा.”

“सोमवारी खुर्च्या आल्या आणि आधी याचा मॉनिटर मिटायला लागला. याने दुरुस्तीवाल्याला फोन केला. मग हिची केबल लावून बघितली, आजार पळाला. संध्याकाळी तक्रार मागे. आज मला म्हणतो, कधीच नाही!”

लंबूची मान खाली गेली. “एका दिवसासाठीच घेतली होती. मग साहेब हिच्यावर चिडले... आता सांगितलं तर माझंच नाव येईल, असं वाटलं.”

“आणि माझं गेलं असतं ते?” लेक म्हणाली. मग तिने राजीनाम्याचा कागद उचलून साहेबांपुढे धरला. “साहेब, चारही वेळा मी खरं सांगितलं. तुम्ही पडद्यावर विश्वास ठेवलात, माझ्यावर नाही.”

साहेबांनी कागद घेतला, दोनदा घडी घातली आणि फाडला. “चुकलो मी,” ते लंबूसमोर, दुरुस्तीवाल्यासमोर म्हणाले. “तुमचं मी माझ्या खोलीत बघतो,” असं लंबूला सांगून ते निघाले.

दुरुस्तीवाल्याने लाल दोऱ्याची केबल परत लेकीच्या मॉनिटरला लावली. भावोजी कोपऱ्यात रुमालाने डोळे पुसत होते.

“कावळा सापडला ना, भावोजी? मग आता काय?”

“मीच तिला उठायला शिकवलं, वहिनी. माझ्याच शिकवणीने पोरीची नोकरी जात होती.”

“नोकरी दुसऱ्याच्या गप्प बसण्याने जात होती. चला, चहा गार झाला असेल.”

ते दाराशी पोचले आणि पाठीमागे खुर्ची फुस्स झाली. लेक त्यांना निरोप द्यायला उभी राहिली होती. भावोजींची नजर धसकून मॉनिटरकडे गेली. नकाशा होता तिथेच होता.