रीळ चुकलं त्या दुपारी

थोरल्या वहिनीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात तोंडं वाढली आणि दादा म्हणाला, तूही जरा हातभार लाव. म्हणून मी थिएटरात बाल्कनीच्या दाराशी उभी राहू लागले. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, आणि कुणी बायकांना त्रास दिला तर तीच बॅटरी त्याच्या तोंडावर धरायची. हे शेवटचं काम मला फार आवडायचं.

तेव्हा हेरांचा सिनेमा लागला होता. त्यात कुणीच दिसतं तसं नव्हतं. नायक हेर, त्याचा जिवलग मित्र शत्रूचा हेर, जिच्यावर नायकाचा जीव जडतो ती दोन्हीकडची हेर, आणि रोज दूध घालायला येणारा म्हातारा या सगळ्यांचा साहेब. मॅनेजर म्हणायचा, "डोकं घरी ठेवून बघायचा सिनेमा आहे." मी मनात म्हणायचे, तुमचं तर रोजच घरी असतं.

पहिल्याच दिवशी अंधारात बाल्कनीच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. मी बॅटरी मारली.

"तिकीट?"

"नाही."

"मग उठा."

"उठतो. नाहीतरी पुढचं रीळ लावायला मलाच जायचंय."

नवा ऑपरेटर आलाय एवढं ऐकलं होतं, पण केबिनचा जिना मागच्या बाजूनं, त्यामुळे तोंड पाहिलं नव्हतं. मी बॅटरी खाली घेतली. पण फार खाली नाही.

"इथे काय करताय?"

"आवाज फाटतोय अशी तक्रार आहे. ऐकायला आलोय."

इतक्यात पडद्यावर अक्षरं आली. मला वाचता येत नव्हतं. अक्षरओळख मला पुढे नातीच्या पुस्तकावरून झाली. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

हसला नाही तो. म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी."

"म्हणजे आता दिसतंय ते आधीचं? आणि तो मघाशी मेला ते नंतरचं?"

"हो."

"लबाडी आहे ही."

"आवडली नाही?"

"आवडली म्हणून तर म्हणतेय."

तो उठला. जाता जाता म्हणाला, "बरं आहे, बॅटरीबाई." तेच नाव पुढे मला जन्मभर चिकटलं.

मग रोज कुठल्या ना कुठल्या रिळाला आवाज फाटू लागला. तो पायरीवर येऊन बसायचा. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांनी काळी झालेली बोटं रुमालाला पुसायचा... आणि ती कधीच स्वच्छ व्हायची नाहीत. बाहेर पाऊस असला की त्याच्या शर्टाचा एकच खांदा भिजलेला असायचा. केबिनचं छप्पर तिथेच गळायचं.

"रोज तोच सिनेमा बघता. कंटाळा नाही येत?" त्यानं एकदा विचारलं.

"तुम्हाला येतो?"

"मी सिनेमा कुठे बघतो? मी रीळ बघतो."

"मला नाही येत. घरात माझं सगळं सगळ्यांना ठाऊक असतं... मी कधी उठणार, काय बोलणार, कुणाच्या घरी जाणार. ती पडद्यावरची बघा. शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही."

तो हळूच म्हणाला, "कुणाच्या घरी जाणार... म्हणजे ठरलंय?"

ठरतच आलं होतं. टायरचं दुकान असलेला एक मुलगा दादानं पाहून ठेवला होता. मुलगा चांगला होता. पण थिएटरात काम करणारी मुलगी म्हटल्यावर त्याच्या आत्यानं अट घातली, की आधी गुपचूप येऊन मुलगी बघणार. कशी वागते, कशी बोलते. पसंत पडली की त्याच संध्याकाळी घरी येऊन पक्कं करणार. वहिनीनं जुळ्यांचे लंगोट वाळत घालता घालता मला हे फोडलं. "तुला ठाऊक आहे असं दाखवू नको गं बाई, नाहीतर तुझा दादा मला फाडून खाईल."

दुसऱ्या दिवशी पायरीवर मी ऑपरेटरला सांगितलं.

"म्हणजे खरीखुरी हेर येणार," तो म्हणाला. "आणि तुम्ही काय करणार?"

"तिकीट फाडणार. दुसरं काय?"

"एक करा. हसू नका."

"का?"

"हसलात तर पसंत पडाल."

एवढं बोलून तो वर गेला. मी त्या रिळात काय झालं ते अजिबात पाहिलं नाही.

आत्या दुपारच्या खेळाला आल्या. ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा, तोही अंधारात. दोन पायऱ्या चुकल्या तेव्हा मीच हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. तोंड मी दगडासारखं ठेवलं होतं. इंटरव्हलपर्यंत निभावलं.

इंटरव्हलनंतर पडद्यावर तो मित्र उभा राहिला. मला धक्काच बसला, कारण त्याला अजून नायकानं दरीत ढकललेलंही नव्हतं आणि नायक त्याला म्हणत होता, "तू तर दरीत पडून मेलास ना?" पुढचं रीळ आधी लागलं होतं. मी खाली पाहिलं. थिएटरभर टाळ्या पडत होत्या. कुणालाच काही वाटलं नाही. सिनेमाच असा, की मेलेला आधी उठला आणि मग मेला तरी लोकांना चाललं. त्यानंतर जेव्हा तो खरोखर दरीत पडला तेव्हा तर लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मला हसू फुटलं. पोट धरून, भिंतीला टेकून मी हसले. डोळ्यांतून पाणी आलं. आणि आत्या चष्मा काढून माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

खेळ सुटला तशी मी मागच्या जिन्यानं वर गेले. केबिनमध्ये बायकांना मनाई होती. दारावर तसं लिहिलेलंही असेल. मला कुठे वाचता येत होतं?

"रिळं मागेपुढे लागली आज," मी दारातूनच म्हणाले.

तो मशीनवर फडकं मारत होता. "कळलं कुणाला?"

"मला."

"म्हणजे तुमचं लक्ष सिनेमाकडे होतं." त्यानं फडकं खाली ठेवलं. भिंतीतल्या छोट्या झरोक्याकडे बोट केलं. तिथून पडदा दिसतो, आणि मान वाकडी केली की बाल्कनीचं दारही दिसतं. "माझं नव्हतं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. एक थेंब त्याच्या खांद्यावर पडला. तो बाजूला सरकला नाही.

"मॅनेजरला कळलं तर काढून टाकेल तुम्हाला."

"टाकू दे. दुसरीकडे जाईन. पण... एकट्यानं जावंसं वाटत नाही."

"आधी मला घरी जाऊ द्या," मी म्हणाले. "तिथे एक काम आहे."

घरी आत्या, टायरवाला आणि दादा चहा पीत बसले होते. आत्या माझा हात धरून म्हणाल्या, "मला मुलगी पसंत आहे. अशी मोकळी हसते की बघत राहावं."

म्हणजे ऑपरेटरनं सांगितलं होतं तेच झालं, आणि तेही त्याच्याच चुकीनं.

"मला हे लग्न करायचं नाही," मी म्हणाले.

दादाची कपबशी वाजली. "तुला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. म्हणून न विचारता सांगतेय."

आत्यांनी विचारलं, "का गं? माझ्या पुतण्यात काय कमी आहे?"

"काही कमी नाही. मला दुसरा आवडतो. थिएटरचा ऑपरेटर."

"तो?" दादा उठून उभा राहिला. "कुठला, कुणाचा, काही पत्ता आहे? उद्या कळेल, दुसऱ्या गावात बायको आहे त्याची."

"कळेल तेव्हा बघू. आज त्याचं लक्ष माझ्याकडे होतं म्हणून त्यानं रीळ चुकवलं. माझ्यासाठी आजवर कुणी काही चुकवलं नाही, दादा."

आत्या पुढे झुकल्या. "थांब. रीळ चुकलं होतं? म्हणजे तो आधी परत येतो आणि मग मरतो, असं नव्हतंच?"

"नाही."

"अगं, तोच भाग तर मला सगळ्यात आवडला."

टायरवाला हसला. वहिनी पदरात हसली. दादा हसला नाही. म्हणाला, "या दारातून गेलीस तर परत यायचं नाही."

"बरं," मी म्हणाले, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गेले.

महिनाभर मी तिकीट खिडकीवरच्या बाईंकडे राहिले. नोंदणी कचेरीत साक्षीला त्या आल्या, आणि कुणी बोलावलं नसताना आत्याही आल्या. सही करून म्हणाल्या, "खरा क्रम काय होता तो मला दाखवा आता." ऑपरेटरनं त्याच दुपारी दाखवला. त्यांना तितकासा आवडला नाही.

दुसऱ्या गावात त्याची बायको निघाली नाही. एक आई निघाली, कडक होती, पण तिलाही मी पुरून उरले.

आता नातू म्हणतो, "आजी, काय हे हेरांचे सिनेमे बघतेस, काही अर्थ आहे का त्यांना?" मी म्हणते, नसू दे. मला आवडतात. आवडायला अर्थ लागतो असं ज्याला वाटतं त्यानं दुसऱ्या खोलीत बसावं. मी आवाजही कमी करत नाही.

दादा माझ्या थोरलीच्या बारशानंतरच्या उन्हाळ्यात गेला, माझ्याशी न बोलताच. ऑपरेटर गेला तो गेल्या हिवाळ्यात, सकाळी, चहा होण्याआधी, घरातच.