मोहाकडे वळलेली रेघ

आलापल्लीच्या प्रशिक्षणात विज्ञान शिक्षक जास्त आणि जीपीएस यंत्रं कमी होती. म्हणून प्रशिक्षण घेणाऱ्या वच्छला मॅडमनी चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या, आणि माझ्या वाट्याला भाग्यश्री आली. साल २००६. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली, पण तो आठवडा मला जसाच्या तसा आठवतो.

जीपीएस हातात घेऊन ती म्हणाली, "सर, यावर फोन लागते का?"

"लागते ना. थेट उपग्रहाले."

"मंग त्याले म्हणा, ऊन जरा कमी कर."

यंत्र घेऊन गावाजवळच्या तलावाच्या काठाने चालायचं. मग ती वाट संगणकावर नकाशा होऊन उमटायची. सगळ्यात अचूक नकाशा करणाऱ्या जोडीला शाळेसाठी एक यंत्र मिळणार होतं. माझ्या शाळेत संगणक होते. तिच्या शाळेत भिंतीवर एकच नकाशा, तोही फाटका. यंत्र तिला हवं होतं.

मी काठाने चाललो. ती काठापासून थोडी दूर, मोहाच्या झाडाखाली बसून नोंदी लिहीत होती. मी मधेच पेन मागायला गेलो... मग पाणी प्यायला... मग काही कारण नसताना. यंत्र सुरूच होतं.

संध्याकाळी पडद्यावर आमचा तलाव आला. काठाची रेघ तीनदा मोहाकडे वळली होती.

"केवळराम सर," मॅडम म्हणाल्या, "तुमचा तलाव मोहाखाली काऊन जाऊन राह्यला?"

सगळे हसले. भाग्यश्री हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमची गंमत होते, माह्या पोरायचं यंत्र जाते."

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण संपणार होतं. सकाळीच आम्ही पुन्हा तलावावर गेलो. पलीकडच्या काठाला दलदल होती. तिथे सगळ्या जोड्यांनी अंदाजाने सरळ रेघ ओढली होती. पण भाग्यश्री मासे धरणाऱ्या ढिवर घरातली. तिने ओळख काढून एक डोंगा मागून आणला, हातात बांबू घेतला.

"बसा."

डोंगा कमळाच्या पानांमधून काठाकाठाने सरकू लागला.

"काल काऊन येत होते घडीघडी?"

"पेन—"

"पेन तर तुमच्या खिशात होता."

"...तुमाले पाहाले."

तिने बांबू असा रेटला की मी पाण्यात पडता पडता वाचलो.

"मंग पाहा. पण यंत्र वर धरा!"

दुपारी पडद्यावर तलावाची खाच न् खाच दिसली. मॅडमनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. यंत्र हातात आलं तेव्हा भाग्यश्री चक्क ओरडली.

बस यायला वेळ होता.

"यंत्र तर भेटलं," ती म्हणाली. "आमच्या शाळेत विज्ञानाची एक जागा खाली हाय."

"मंग?"

"मंग का? बदलीचा अर्ज बी मीच लिहून देऊ... तुमाले?"

बस यायच्या आत अर्ज लिहून झाला होता.