तारीख जुनी, पट्टी ओली

साहेब, एस्टोनियातल्या तालिन शहरातली ती भिंत वयाने पडली नाही. तुम्ही तिचं तोंड दाबलंत! तुमचं नाव घेत नाही. शहराच्या कचेरीतली तुमची खुर्ची कुठली ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या मंगळवारी काय झालं ते आता मुकाट्याने वाचा.

समुद्रावरून आलेलं धुकं दुपार झाली तरी गल्ल्यांतून हटलं नव्हतं. तेरा वर्षांची लेलो, तिची धाकटी बहीण पीबे आणि मामेभाऊ मार्तेन सकाळपासून जुन्या शहरात पायपीट करून परतत होते.

"एकोणीस बुरूज मोजले! पाय तुटले माझे," मार्तेन कण्हला.

"पाय नाही, पोट बोलतंय तुझं! चक्क्याच्या वड्या एकट्याने गिळल्यास, खादाड!" लेलो म्हणाली.

मिठाच्या जुन्या कोठारामागच्या अंगणात त्यांचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उभं होतं. जागा शहरानेच आखून दिलेली. आई-बाबा बंदरावर गेले होते. आत आजोबा झोपले होते, दाराला आतून कडी घालून, कानातलं यंत्र काढून ठेवून.

अंगणात शिरताच लेलो थबकली. सगळ्या छपरांवर सीगल पक्षी कलकलत होते. कोठाराच्या भिंतीवर मात्र एकही नव्हता.

त्या भिंतीला जमिनीपासून वर चढत गेलेली भेग होती. भेगेवर प्लॅस्टरची पट्टी लावून पिवळ्या जाकिटातला एक माणूस तिच्यावर खिळ्याने तारीख कोरत होता. १२ मार्च.

लेलोने तारीख दोनदा वाचली. आजोबा चाळीस वर्षं गवंडी होते. ते नेहमी म्हणत, "भेगेवर पट्टी लावायची, लावल्याची तारीख कोरायची. भिंत हलली की पट्टी तडकते. माणूस खोटं बोलेल, पट्टी नाही बोलणार!"

"काका, आज आठ जुलै. मार्च कशाला कोरताय?"

माणूस दचकला. "साहेबांनी जे सांगितलं तेच कोरतोय. शनिवारी इथे जत्रा भरायचीय. पळा इथून!" आणि तो स्वतःच सिगारेट पेटवत कमानीबाहेर सटकला.

पीबेने पट्टीला अंगठा लावला. "ई! ओली आहे अजून!"

"आणि हे बघ!" मार्तेनने त्या माणसाची बादली उपसली होती. खरवडून काढलेली जुनी पट्टी त्याच्या हातात होती, दोन तुकडे झालेली. तुकडे जुळवले. १२ मार्च! तडा बरोबर मधून गेलेला.

"म्हणजे भिंत हललीय, आणि हे लपवताहेत..." लेलो कुजबुजली.

कट्!

तिघांनी वर पाहिलं. नवी पट्टी त्यांच्या डोळ्यांदेखत चिरली होती. कोणी दात खावेत तसा करकर आवाज भिंतीतून आला आणि मोटरहोमच्या टपावर बारीक चुना भुरभुरला.

"आजोबा!"

दार हलेना. खिडकी बडवली, आत हूं नाही की चूं नाही.

"मार्तेन, कमानीला साखळी लाव, कोणाला आत सोडू नकोस! पीबे, टपावरची झडप उघडी आहे. शिरशील?"

पीबेचे ओठ पांढरे पडले. पण ती मागच्या शिडीवरून सरसर चढली. एक वीट तिच्या शेजारी आदळली. पीबेचे बूट झडपेतून दिसेनासे झाले.

बाहेर पिवळं जाकीट गरजत होतं, "साखळी काढ, कार्ट्या!"

"तुमच्या साहेबांना बोलवा, मग काढतो!"

दार उघडलं. बनियनवर, अनवाणी आजोबा. त्यांनी भेगेकडे फक्त एकदा पाहिलं.

"बसा!" ते इतकंच म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

कमानीजवळ मार्तेनने साखळी सोडली. गाडी बाहेर पडली न पडली तोच मागे धाड्दिशी आवाज झाला! धुळीत सगळं अंगण बुडालं. गाडीतलं आजोबांचं अंथरूण क्षणापूर्वी जिथे होतं, तिथे आता दगडांचा ढीग होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मुलांना आणि आजोबांना कचेरीत बोलावलंत. केक होता, फुलं होती.

"शूर मुलं! शहराला तुमचा अभिमान आहे," तुम्ही हसलात. "बिचारी जुनी भिंत! कोणाला काही कल्पनाच नव्हती."

पिवळं जाकीट कोपऱ्यात मान खाली घालून उभं होतं.

आजोबांनी लेलोच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या हाताखाली इतक्या बारीक नजरेचा गवंडी कधी नव्हता. बोल, पोरी."

लेलोने केक बाजूला सारला. खिशातून प्लॅस्टरचे दोन तुकडे काढून टेबलावर जुळवले.

"ही पट्टी तुटलेली तुम्ही कधी पाहिलीत, साहेब? आमची गाडी तिथे लावू दिलीत त्याच्या आधी, की नंतर?"

तुमचं हसू विरलं. तुम्ही पाण्याचा पेला शोधू लागलात.

"पाणी नंतर प्या. आधी उत्तर द्या!"